घोणसच्या विषापासून 'फॅक्टर'पर्यंत: हिमोफिलियाचं कोडं सोडवणारे डॉ. ग्विन मॅकफार्लेन

भंडारा जिल्ह्यात पावसाळा म्हणजे धानाच्या रोवणीचा हंगाम. बांधीत आणि धुऱ्यावर ज्या सापांची सगळ्यात जास्त धास्ती असते, त्यात घोणस वरच्या क्रमांकावर आहे. हा साप चावला की अनेकदा माणसाचं रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, जखमेतून, लघवीतून रक्त येऊ लागतं.

पण याच घोणसचं विष एका तरुण डॉक्टरने १९३४ साली लंडनमध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरलं होतं. रुग्ण होते हिमोफिलियाचे, म्हणजे ज्यांचं रक्त जन्मापासूनच नीट गोठत नाही असे. त्या डॉक्टरचं नाव रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन. पुढची तीसेक वर्षं त्यांनी एकाच प्रश्नावर काम केलं: रक्त गोठतं कसं, आणि काही जणांचं का गोठत नाही? आज रक्त तपासणीच्या अहवालात दिसणाऱ्या अनेक नोंदींमागे त्यांच्या पिढीचं हे काम आहे. भंडाऱ्यातल्या सर्पदंशाच्या रुग्णाशी आणि हिमोफिलिया असलेल्या मुलाशीही त्याचा थेट संबंध आहे.

थोडक्यात

- हिमोफिलियात रक्त वेगाने वाहत नाही. ते जास्त वेळ वाहत राहतं, कारण गुठळी पक्की होत नाही.
- मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये दाखवलं की हिमोफिलिया समजले जाणारे आजार प्रत्यक्षात दोन आहेत.
- १९६४ मध्ये त्यांनी रक्त गोठण्याची क्रिया ही एक साखळी असल्याचं मांडलं. ही कल्पना आजही शिकवली जाते.
- साखळीतली नेमकी कोणती कडी तुटली आहे हे कळल्याशिवाय योग्य औषध देता येत नाही.

रक्त थांबतं कसं?

भाजी चिरताना बोट कापलं तर काही मिनिटांत रक्त थांबतं. या काळात शरीरात दोन कामं होतात. आधी रक्तातल्या प्लेटलेट्स जखमेपाशी गोळा होऊन तात्पुरतं बूच लावतात. मग त्या बुचावर फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी विणली जाते आणि गुठळी पक्की होते.

ही जाळी विणण्यासाठी रक्तात अनेक प्रथिनं लागतात. त्यांना 'क्लॉटिंग फॅक्टर' म्हणतात आणि रोमन आकड्यांनी ओळखतात. हिमोफिलिया 'ए'मध्ये फॅक्टर आठ कमी असतो किंवा नसतो. हिमोफिलिया 'बी'मध्ये फॅक्टर नऊची कमतरता असते. प्लेटलेट्स मात्र ठीक असतात. त्यामुळे बारीक ओरखडा आला तर रक्त बहुधा थांबतं. खरा धोका आतल्या रक्तस्रावाचा असतो. गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत रक्त साचत राहतं, सांधा सुजतो, आणि असं वारंवार झालं की तो कायमचा आखडतो. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीवावर बेतू शकतं.

हा आजार एक्स गुणसूत्राशी जोडलेला असल्याने प्रामुख्याने मुलांमध्ये दिसतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी असते. वडिलांना हिमोफिलिया असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलग्यांना मात्र तो वडिलांकडून येत नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात याआधी कुणालाच हा आजार नसतो. त्यामुळे 'आमच्या खानदानात असं काही नाही' म्हणून शंका बाजूला सारता येत नाही.

हिमोफिलिया 'ए' दर ५ हजार मुलग्यांच्या जन्मांमागे साधारण एकाला असतो. 'बी' त्याहून बराच दुर्मीळ आहे.

कोण होते मॅकफार्लेन?

ग्विन मॅकफार्लेन यांचा जन्म १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९३३ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांचं लक्ष हिमोफिलियाच्या रुग्णांकडे वेधलं गेलं होतं.

तेव्हा या रुग्णांना देण्यासारखं डॉक्टरांकडे फार काही नव्हतं. दाढ काढणं हीसुद्धा जोखीम होती. दाढ काढलेल्या खड्ड्यातून रक्त दिवसचे दिवस पाझरत राही. बाहेरून दाबून धरा, विश्रांती घ्या आणि फार झालं तर दुसऱ्याचं रक्त चढवा, एवढेच उपाय हातात होते. रक्त नेमकं कशामुळे गोठत नाही याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

सापाच्या विषाचा प्रयोग

काही सापांचं विष रक्तात मिसळलं की रक्त झटकन गोठतं, हे तेव्हा माहीत होतं. मॅकफार्लेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांची मदत घेतली. दोघांनी वेगवेगळ्या सापांचं विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तावर तपासलं. त्यात सरस ठरलं घोणसचं विष.

घोणसला इंग्रजीत 'रसेल्स व्हायपर' म्हणतात. हे नाव स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल यांच्यावरून पडलं. त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या, म्हणजे आजच्या आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या भागातल्या सापांवर १७९६ मध्ये ग्रंथ लिहिला होता. या सापाच्या प्रजातीचं 'दाबोइया' हे नावही भारतीय भाषांतूनच गेलेलं आहे.

१० हजार भाग पाण्यात एक भाग विष, इतक्या पातळ द्रावणानेही हिमोफिलियाचं रक्त पटकन गोठत होतं. या द्रावणात भिजवलेलं कापड दाढेच्या खड्ड्यात किंवा जखमेवर दाबून ठेवलं की रक्त थांबे. १९३४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे 'स्टिपवेन' या नावाने हे औषध बाजारातही आलं.

या औषधाला मोठी मर्यादा होती. ते फक्त बाहेरून लावता येत होतं. सांध्यात किंवा पोटात रक्तस्राव झाला तर त्याचा उपयोग नव्हता. पण त्यातून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे आला. ज्या रुग्णाचं रक्त स्वतःहून गोठत नाही, तेच रक्त विषाचा थेंब पडताच गोठतं. म्हणजे गोठण्यासाठी लागणारं बहुतेक साहित्य त्याच्या रक्तात आहेच. मग अडतं कुठे?

तेच विष शेतात जीव का घेतं?

जे विष रक्त गोठवतं, ते चावल्यावर रक्त गोठेनासं का करतं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

घोणसच्या विषातले घटक फॅक्टर दहा आणि फॅक्टर पाच यांना थेट जागं करतात. परीक्षानळीत किंवा दाढेच्या खड्ड्यात याचा परिणाम म्हणजे गुठळी. पण साप चावतो तेव्हा हे विष रक्ताबरोबर संपूर्ण शरीरभर फिरतं. सगळीकडे एकाच वेळी गोठण्याची क्रिया सुरू होते आणि काही तासांत रक्तातले फॅक्टर, विशेषतः फायब्रिनोजेन, संपून जातं. साठा संपला की जाळी विणायला धागाच उरत नाही. मग कुठूनही रक्त वाहू लागतं. याशिवाय मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.

म्हणून सर्पदंशाच्या संशयित रुग्णाची ग्रामीण रुग्णालयातही एक अगदी साधी तपासणी केली जाते. रुग्णाच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी करतात. रक्त पातळच राहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे, असं समजून प्रतिविष दिलं जातं. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. नळी मात्र काचेचीच लागते, कारण काचेचा पृष्ठभाग गोठण्याची क्रिया सुरू करतो. प्लास्टिकच्या नळीत निष्कर्ष चुकू शकतो.

भारतात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि पावसाळ्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरोधात राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे.

१९५२: एकाच नावाखाली दोन आजार

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात मॅकफार्लेन ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात रुजू झाले. तिथे डॉ. रोझमेरी बिग्ज या त्यांच्या प्रमुख सहकारी झाल्या. एका बाजूला वॉर्डातले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा, अशी ही कामाची पद्धत होती. रुग्णाच्या रक्तात काय बिघडलंय हे मोजता यावं म्हणून त्यांच्या चमूने नव्या चाचण्या तयार केल्या.

त्या काळी अशी समजूत होती की सगळ्या हिमोफिलिया रुग्णांच्या रक्तात एकाच घटकाची उणीव असते. पण काही निरीक्षणं या समजुतीत बसत नव्हती. अर्जेंटिनाचे डॉ. आल्फ्रेदो पाव्लोव्स्की यांना १९४७ मध्ये आढळलं होतं की दोन हिमोफिलिया रुग्णांचं रक्त एकत्र केलं तर कधीकधी ते व्यवस्थित गोठतं. दोघांतही एकच घटक नसता तर हे शक्यच नव्हतं. पहिल्याकडे जे नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं.

१९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या चमूकडे पाच वर्षांच्या एका मुलाच्या रक्ताचा नमुना आला. मुलाचं नाव होतं स्टीफन ख्रिसमस. त्याचं कुटुंब कॅनडात राहत होतं आणि तिथे त्याला हिमोफिलिया असल्याचं निदान झालं होतं. तपासणीत दिसलं की नेहमीच्या हिमोफिलियात जो घटक नसतो, तो स्टीफनच्या रक्तात आहे. उणीव दुसऱ्याच घटकाची आहे. असे आणखी रुग्णही सापडले.

'ख्रिसमस डिसीज' या नावाने हा शोधनिबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या डिसेंबर १९५२ मधल्या नाताळच्या अंकात आला. आजाराचं नाव सणावरून नसून मुलाच्या आडनावावरून होतं, पण छापण्याचा मुहूर्त मात्र अचूक साधला गेला. आज आपण त्याला हिमोफिलिया 'बी' म्हणतो आणि नसलेल्या घटकाला फॅक्टर नऊ. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे हाच आजार ओळखला होता.

यात नुसत्या नावाचा प्रश्न नव्हता. दोन्ही आजारांची लक्षणं हुबेहूब सारखी असतात. गुडघा तसाच सुजतो, दाढेतून तसंच रक्त येतं. पण 'ए'च्या रुग्णाला फॅक्टर नऊ दिला किंवा 'बी'च्या रुग्णाला फॅक्टर आठ दिला, तर उपयोग शून्य. निदान चुकलं की औषध वाया आणि रक्तस्राव सुरूच.

योगायोग असा की १९५२ मध्येच मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप'चा शोध 'लॅन्सेट'मध्ये मांडला. रक्ताच्या बाबतीत 'सगळं सारखंच' ही समजूत त्या वर्षी परळमध्येही मोडीत निघाली आणि ऑक्सफर्डमध्येही.

गुरांच्या रक्तातून औषध

कोणता घटक कमी आहे हे कळलं, पण तो आणायचा कुठून? मानवी रक्तातून पुरेसा फॅक्टर आठ वेगळा काढणं तेव्हा अवघड होतं. रक्त कमी पडे आणि मिळणारा घटक फारच थोडा असे.

गाईगुरांच्या आणि डुकरांच्या रक्तात हा घटक माणसापेक्षा जास्त असतो. ऑक्सफर्डमध्ये एथेल बिडवेल यांनी त्या रक्तातून फॅक्टर आठ शुद्ध करण्याची पद्धत बसवली. मॅकफार्लेन, बिग्ज आणि बिडवेल यांनी गुरांच्या रक्तातून काढलेल्या फॅक्टरने केलेल्या उपचारांची माहिती १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे हिमोफिलियाच्या रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया करण्याची वाट खुली झाली.

अडचण अशी की हे प्रथिन शरीराला परकं होतं. थोड्याच दिवसांत शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायचं आणि मग तेच औषध पुन्हा देणं धोक्याचं व्हायचं. त्यामुळे ते जीव वाचवण्याच्या प्रसंगासाठी राखून ठेवलं जाई. डॉक्टरांना दरवेळी ठरवावं लागे की ही वेळ खरोखर तितकी गंभीर आहे का.

१९५९ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ऑक्सफर्डमध्ये रक्त गोठण्यावरच्या संशोधनासाठी खास विभाग सुरू केला आणि मॅकफार्लेन त्याचे संचालक झाले.

१९६४: गोठण्याची साखळी

एव्हाना जगभरात फॅक्टरांची यादी लांबत चालली होती. प्रत्येक प्रयोगशाळेने आपापली नावं दिल्याने गोंधळ होता. म्हणून १९५० च्या दशकात रोमन आकड्यांची पद्धत स्वीकारली गेली. तरीही हे घटक एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, याचं चित्र स्पष्ट नव्हतं.

मे १९६४ मध्ये मॅकफार्लेन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यात मांडलं की हे घटक एका पाठोपाठ एक जागे होतात. पहिला दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक पायरीवर परिणाम अनेक पटींनी वाढतो, कारण जागा झालेला एक रेणू पुढच्या कित्येक रेणूंना जागं करू शकतो. म्हणून अगदी बारीक जखमेच्या इशाऱ्यातून काही मिनिटांत पक्की गुठळी तयार होते. याला त्यांनी 'कॅस्केड' म्हटलं. त्याच वर्षी अमेरिकेत अर्ल डेव्ही आणि ऑस्कर रॅटनॉफ यांनीही स्वतंत्रपणे असंच चित्र मांडलं आणि त्याला 'धबधबा' म्हटलं.

या चित्रामुळे जुनी कोडी सुटली:

- 'ए' आणि 'बी'ची लक्षणं सारखी का? फॅक्टर आठ आणि फॅक्टर नऊ मिळून पुढच्या फॅक्टर दहाला जागं करतात. दोघांपैकी कुणीही नसलं तरी साखळी एकाच ठिकाणी अडते.
- घोणसचं विष हिमोफिलियात का चाललं? कारण ते आठ आणि नऊ यांना ओलांडून थेट दहाला जागं करतं. १९३४ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं.
- सर्पदंशात रक्त का गोठत नाही? साखळी शरीरभर विनाकारण सुरू राहून सगळा माल संपवते.

पुढच्या संशोधनात या मांडणीत दुरुस्त्या झाल्या. फॅक्टर आठ आणि पाच स्वतः एन्झाइम नसून मदतनीस आहेत, हे कळलं. शरीरात ही क्रिया एका सरळ रेषेत चालत नाही, हेही कळलं. तरी साखळीची मूळ कल्पना टिकून आहे.

मॅकफार्लेन १९६७ मध्ये निवृत्त झाले आणि बिग्ज यांनी ऑक्सफर्डमधलं काम पुढे नेलं. निवृत्तीनंतर त्यांनी पेनिसिलिनशी जोडलेल्या दोन शास्त्रज्ञांची चरित्रं लिहिली: १९७९ मध्ये हॉवर्ड फ्लोरी यांचं आणि १९८४ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

औषध आलं, सोबत संकटही आलं

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत डॉ. ज्युडिथ पूल यांनी गोठवलेल्या प्लाझ्मापासून 'क्रायोप्रेसिपिटेट' बनवण्याची सोपी पद्धत दाखवली. नंतर हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून फॅक्टरची पावडर तयार होऊ लागली. रुग्ण घरी इंजेक्शन घेऊ लागले, शाळेत जाऊ लागले.

पण हजारो दात्यांपैकी एकाच्या रक्तात विषाणू असला तरी अख्खा साठा दूषित होत होता. १९८० च्या दशकात जगभरात हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना याच औषधांतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची लागण झाली. ज्याच्या नावाने आजार ओळखला गेला, त्या स्टीफन ख्रिसमसलाही रक्तातून एचआयव्हीची बाधा झाली आणि १९९३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ब्रिटनमधल्या या प्रकरणाच्या चौकशीचा अंतिम अहवाल तर थेट मे २०२४ मध्ये आला.

नंतर विषाणू नष्ट करण्याच्या पद्धती आल्या. १९८४ मध्ये फॅक्टर आठचा जनुक वेगळा करण्यात यश आलं आणि १९९० च्या दशकात मानवी रक्ताशिवाय प्रयोगशाळेत तयार केलेला फॅक्टर उपलब्ध झाला.

भारतात आणि महाराष्ट्रात काय घडलं?

भारतात या रुग्णांची संघटना एका रुग्णानेच उभी केली. स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन स्थापन झालं.

महाराष्ट्रात संशोधनाचं मोठं केंद्र म्हणजे मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी अशा संशोधकांनी इथे भारतीय कुटुंबांतल्या हिमोफिलियाचे जनुकीय दोष शोधणं, घरातल्या कोणत्या स्त्रिया वाहक आहेत हे ओळखणं आणि गर्भावस्थेत निदान करणं यावर काम केलं. फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेल्या रुग्णांचा अभ्यासही झाला.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश आहे. त्यामुळे ठरलेल्या निकषांनुसार प्रमाणपत्र मिळू शकतं.

भंडाऱ्यात गफलत कुठे होऊ शकते?

पूर्व विदर्भात 'रक्ताचा आजार' म्हटलं की आधी सिकलसेल आठवतो. नागपूरमधून १९५०च्या दशकातच त्याच्या नोंदी झाल्या होत्या आणि भंडारा जिल्हाही त्याच पट्ट्यात येतो. पण सिकलसेल आणि हिमोफिलिया पूर्ण वेगळे आहेत.

- सिकलसेलमध्ये लाल पेशींचा आकार विळ्यासारखा होतो, रक्तक्षय होतो आणि हाडं-सांधे दुखतात. तो मुलगा-मुलगी दोघांनाही होतो.
- हिमोफिलियात लाल पेशी ठीक असतात, गोठण्याचा घटक कमी असतो. सांधा दुखतो, कारण त्यात रक्त साचलेलं असतं.

दोन्हींत मूल 'गुडघा दुखतो' म्हणूनच रडतं. फरक तपासणीतूनच कळतो. सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीत हिमोफिलिया सापडत नाही. त्यासाठी पीटी आणि एपीटीटी या चाचण्या लागतात. हिमोफिलियात साधारणपणे पीटी आणि प्लेटलेट्स ठीक, पण एपीटीटी लांबलेला दिसतो. त्यानंतर फॅक्टर आठ आणि नऊ प्रत्यक्ष मोजतात. फॅक्टर १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त, पण ४० टक्क्यांच्या आत असेल तर सौम्य समजतात. सौम्य आजार कित्येकदा दाढ काढताना किंवा शस्त्रक्रियेतच उघड होतो.

कधी शंका घ्यावी?

- रांगायला-चालायला लागलेल्या बाळाच्या अंगावर विनाकारण मोठे निळे डाग किंवा गाठी येणं
- किरकोळ धडपडीनंतर गुडघा, घोटा किंवा कोपर सुजून गरम होणं
- लसीच्या जागी मोठी गाठ येणं, दात पडल्यावर रक्त तासन् तास पाझरणं
- मामा, मावसभाऊ किंवा आईकडच्या इतर पुरुषांत असा त्रास असणं
- मुलीला किंवा स्त्रीला पाळीत खूप जास्त रक्तस्राव होणं. ती वाहक असू शकते किंवा तिला 'व्हॉन विलेब्रँड' हा दोघांनाही होणारा आजार असू शकतो.

अशी शंका असलेल्या मुलाला डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. कमरेत इंजेक्शन घेण्याआधी, दाढ काढण्याआधी आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी रक्तस्रावाचा त्रास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

सरकारी केंद्रांतून फॅक्टर मोफत मिळण्याची सोय आहे. आपल्या जवळचं केंद्र कोणतं, हे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात रक्तस्राव नसतानाच विचारून ठेवावं. नागपूर भंडाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. लाखांदूर किंवा साकोलीकडच्या कुटुंबाला अंतर आणखी जास्त पडतं. सांध्यात रक्त भरायला लागल्यावर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

आणि साप चावला तर?

चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका. घोणसच्या विषाने रक्त गोठत नसेल तर कापलेली जखमच जीवघेणी ठरू शकते. घट्ट दोरी बांधू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालयात जा. साप पकडण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालतं.

आज उपचार कुठपर्यंत आलेत?

'एमिसिझुमॅब' हे नवं औषध हिमोफिलिया 'ए'मध्ये फॅक्टर नऊ आणि दहा यांना एकत्र आणतं, म्हणजे गैरहजर फॅक्टर आठचं काम स्वतः करतं. ते शिरेतून न देता त्वचेखाली देतात आणि आठवड्यातून एकदा ते चार आठवड्यांतून एकदा दिलं तरी चालतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या ५ रुग्णांवर जनुकीय उपचार केले. त्यांच्याच मूळपेशींमध्ये फॅक्टर आठचा जनुक घालून त्या परत शरीरात सोडल्या. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात त्यांच्यात फॅक्टर तयार होऊ लागला आणि वार्षिक रक्तस्रावाचं प्रमाण शून्यावर आलं. रुग्णांची संख्या कमी आहे, त्यामुळे हा उपचार सर्वांसाठी खुला व्हायला वेळ लागेल.

तोपर्यंत पहिली पायरी जुनीच आहे. साखळीतली कोणती कडी तुटली आहे हे तपासून घेणं आणि त्या तपासणीचा कागद घरात जपून ठेवणं. अपघात झाला किंवा ऑपरेशनची वेळ आली, की डॉक्टर सगळ्यात आधी तोच कागद मागतील.